नव्या पक्षाचं नाव काय ठेवावं? तीन नावं समोर आहेत, पण मन बसत नाही

पायवाट

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय, आणि अडचण घेऊनच आलोय.

आमचा गट गेली सात वर्षं दोन तालुक्यांत काम करतोय. कालव्याचं आवर्तन सुटलं की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांपर्यंत पाणी पोचेस्तोवर रात्री पहारा द्यायचा, रेशनकार्डावरून गळलेली नावं परत चढवून घ्यायची, एसटीची फेरी बंद झाली की आगारात ठिय्या मारायचा, अशी कामं. दरवेळी कुणाच्या तरी दारात निवेदन घेऊन उभं राहायचं आणि दरवेळी 'बघतो' हे उत्तर ऐकून परतायचं. यंदा ठरवलं की आपणच उभं राहायचं. पक्ष काढायचा. १३४ जणांची प्रतिज्ञापत्रं तयार आहेत, घटनेचा मसुदा झालाय. अडलंय ते नावावर, आणि असं अडलंय की तीन बैठका त्यातच गेल्या.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने चिठ्ठी टाकली. ५८ चिठ्ठ्यांतून ४३ नावं निघाली. त्यांतल्या तीसेक नावांत 'जन', 'लोक' किंवा 'विकास' यांपैकी एक शब्द होताच. चाळून चाळून तीन उरली:

महाराष्ट्र रयत दल
जनस्वाभिमान विकास आघाडी
शिवार पक्ष

माझं मत शिवारला आहे. पण हे माझ्या एकट्याच्या आवडीने ठरायला नको. मोकळेपणाने सांगा.

कागदपत्र

पायवाटदादा, अभिनंदन. आधी नियमांचं सांगतो, म्हणजे आवडलेलं नाव नंतर सोडावं लागणार नाही.

नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली होते. पक्ष स्थापन झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत अर्ज दिल्लीला निवडणूक आयोगाकडे पोचला पाहिजे. अर्जातच पक्षाचं नाव लागतं, म्हणजे नाव ठरल्याशिवाय पहिला कागदसुद्धा तयार होत नाही. सोबत १० हजारांचा डिमांड ड्राफ्ट, किमान १०० सभासदांची 'मी मतदार आहे आणि दुसऱ्या कुठल्या पक्षात नाही' अशी प्रतिज्ञापत्रं, आणि घटनेत संविधानाशी निष्ठेचं कलम. ते कलम कायद्यात ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत घ्या, आपल्या शब्दांत लिहायला जाऊ नका.

त्यानंतर नावाची खरी परीक्षा. दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन दोन दिवस, 'या नावाचा पक्ष नोंदवत आहोत, कुणाची हरकत असल्यास आयोगाला कळवा' अशी जाहिरात द्यावी लागते. आधीच्या पक्षाच्या नावाशी साम्य असेल तर इथेच अडकतं. धर्माचा अर्थ निघेल असं नाव आयोग २००५ पासून नोंदवत नाही. जुनी आहेत ती आहेत.

माझ्या ओळखीच्या एका गटाने आधी बॅनर, टोप्या, गाडीवरचे स्टिकर सगळं करून घेतलं आणि मग जाहिरात दिली. हरकत आली, नाव बदलावं लागलं. खर्च गेलाच, पण जास्त वाईट म्हणजे गावात 'यांचं नावच खोटं निघालं' अशी कुजबुज झाली. तेव्हा पर्यायी नावं हाताशी ठेवा आणि मंजुरीपर्यंत काही छापू नका.

एक आणखी. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे पक्षाची नोंद वेगळी करावी लागते. ग्रामपंचायत तर पक्षाच्या चिन्हावर होतच नाही.

निळी शाई

मी वर्तमानपत्रात मथळे लावायचं काम करते, त्यामुळे पक्षाचं नाव माझ्याकडे येतं ते जागेच्या हिशेबाने येतं. तुम्ही पाच शब्दांचं नाव ठेवा, आम्ही तीन अक्षरांचं करणार. शेतकरी कामगार पक्षाचं शेकाप झालं, महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचं मनसे, रिपब्लिकन पार्टी ऑफ इंडियाचं रिपाइं. म्हणून नाव ठरवण्याआधी त्याची आद्याक्षरं मोठ्याने वाचा.

महाराष्ट्र रयत दल. म, र, द.

तुमच्या १३४ मध्ये बायका किती आहेत ते सांगा, आणि 'मरद'ची उमेदवार म्हणून त्यांनी मतं कशी मागायची तेही सांगा.

काहींनी हे आद्याक्षरांचं काम फार विचाराने केलेलं आहे. आंध्रातल्या वायएसआर काँग्रेसमध्ये वायएसआर म्हणजे कागदोपत्री 'युवजन श्रमिक रैतु', तरुण, कामकरी आणि शेतकरी. लोकांना ऐकू येतं ते दिवंगत मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डींचं नाव. आम आदमी पक्षाचं 'आप' झालं, तेही हिंदीत आदराने हाक मारल्यासारखं. त्यांनी विचार करून केलं की आपसूक झालं यात मी जात नाही, पण तुमच्या बाबतीत ते आपसूक होऊ देऊ नका.

पायवाट

ताई, ५१ महिला आहेत. तीन बैठकांत हे एकाच्याही लक्षात आलं नाही, मलाही नाही. रयत दल आत्ताच खोडतोय.

जुना ब्रश

रयत तसंही गेलंच असतं. रयत म्हटलं की सातारा-सांगलीकडे पहिल्यांदा रयत शिक्षण संस्था आठवते, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेली. त्याशिवाय रयत क्रांती नावाने राजकारण सुरू आहेच.

मी तीस वर्षं भिंती रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर काम कमी झालं, पण निवडणुकीत अजून बोलावतात. दहा फुटांच्या भिंतीवर 'जनस्वाभिमान विकास आघाडी' लिहायचं तर अक्षर वीतभर होतं. खाली उमेदवाराचं नाव, बाजूला चिन्ह. एसटीच्या खिडकीतून जाणाऱ्या माणसाला त्यातलं काय वाचता येणार? त्याच भिंतीवर तीन अक्षरं लिहा, प्रत्येक अक्षर पुरुषभर उंच येतं. शेताच्या पलीकडून वाचता येतं.

स्वाभिमानाचं म्हणाल तर राजू शेट्टींचा स्वाभिमानी पक्ष आहे, नारायण राणेंनी २०१७ मध्ये महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला होता, रवी राणांचा युवा स्वाभिमान आहे. एवढ्या गर्दीत तुमचा स्वाभिमान वेगळा कसा ओळखू येणार? हे तळमळीने सांगतोय, राग मानू नका.

तिसऱ्या बाकावरची

मराठी शिकवते, म्हणून एका वेगळ्या बाजूने बघते. पक्षाचं नाव कधीच एकटं येत नाही, त्याला विभक्ती लागून येतं. चा, ची, ने, ला, कडून. तेव्हा नावापुढे 'चा उमेदवार' लावून बघा.

मराठीत एक गंमतीची नव्हे, फार महत्त्वाची गोष्ट घडते. साधा शब्द विभक्ती घेताना रूप बदलतो, पण तोच शब्द नाव झाला की बदलत नाही. 'वंचितांचा उमेदवार' म्हणजे ज्यांना काही मिळालं नाही त्यांचा माणूस. 'वंचितचा उमेदवार' म्हणजे एका पक्षाचं तिकीट मिळालेला माणूस. मधला 'ां' गेला आणि अर्थ पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसला. वंचित बहुजन आघाडीतला 'बहुजन'ही बोलण्यात राहिला नाही, 'आघाडी'ही नाही.

राष्ट्रवादीचं बघा. कागदावरचं नाव नॅशनॅलिस्ट काँग्रेस पार्टी, १९९९ चं. मराठीत राष्ट्रवादी काँग्रेस म्हणता म्हणता लोकांनी काँग्रेस गाळली, कारण काँग्रेस आधीच होती. वेगळं काय ते 'राष्ट्रवादी', तेवढंच जिभेवर राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं की लोक नावातला कोणता शब्द गाळतील याचा आधी अंदाज घ्या, आणि ज्या शब्दासाठी तुम्ही पक्ष काढताय तो गाळला जाणारा नसू द्या. शिवार याबाबतीत चांगलं आहे. शिवारचा उमेदवार. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, म्हातारी माणसंही नीट म्हणतील.

निळी शाई

शिवारवर माझी एक हरकत. 'जलयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१४ च्या डिसेंबरपासून गावोगावच्या फलकांवर आहे. शिवार म्हटलं की निम्म्या लोकांना नालाखोलीकरण आठवेल, आणि योजनेचं श्रेय किंवा दोष, दोन्ही तुमच्या दारात येईल. शिवाय सुरुवातीची 'शिव' ही दोन अक्षरं. महाराष्ट्रात त्या दोन अक्षरांवर हरकत घ्यायला कोण कोण पुढे येईल ते सांगायला नको.

गोव्याहून

आमच्याकडचं एक उदाहरण देतो, कारण नावात मागणी घालावी की नाही हा प्रश्न इथे येणारच आहे.

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही मागणी नावातच. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ ला सार्वमत झालं आणि लोकांनी विलीनीकरण नाकारलं. नावातली मागणी त्या दिवशी संपली. पण त्यानंतर काही आठवड्यांतच निवडणूक झाली आणि लोकांनी त्याच पक्षाला परत निवडून दिलं. १९७९ पर्यंत तो सत्तेवर होता आणि आजही आहे. लोक त्याला मगो म्हणतात. 'महाराष्ट्रवादी' हा शब्द त्या दोन अक्षरांत केव्हाच विरघळला. बहुजनांच्या मुलांसाठी शाळा काढणारा पक्ष म्हणून लोकांनी त्याला धरून ठेवलं.

तुमच्याकडे उलट झालं. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. मागणी नावात होती आणि ती पूर्ण झाली. १ मे १९६० ला राज्य आलं आणि समितीच्या नावाला करण्यासारखं काही उरलं नाही. घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले.

जुना ब्रश

वा. हे दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

त्यालाच जोडून तेलंगणा राष्ट्र समिती. राज्य मिळाल्यावर आठ वर्षं ते नाव चाललं. २०२२ मध्ये देशभर जायचं म्हणून त्यांनी 'तेलंगणा' काढून 'भारत' घातलं. आपल्याकडेही त्यांचे गुलाबी फलक लागले होते, मीच काही रंगवले. पुढच्या वर्षी तेलंगणातच सत्ता गेली. सगळं काही नावाने घडत नाही, पण ज्या शब्दावर आपल्या लोकांनी जीव टाकला तोच आपण पुसला, तर त्यांना काय वाटलं असेल?

पायवाट

म्हणजे नावात 'पाणी' घालू नये, असंच ना? चिठ्ठ्यांत पाणी हक्क पक्ष असं एक नाव होतं आणि ते सुचवणारे काका अजून नाराज आहेत.

गोव्याहून

पाणी मिळालं तर काय, आणि नाहीच मिळालं तर काय, ही दोन्ही उत्तरं काकांकडे असतील तर जरूर घाला.

कोयता

मी खूप वेळ वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. वर्षातले सहा महिने आम्ही कारखान्यावरच्या कोपीत. शिवार हा शब्द तुम्हा सगळ्यांना छान वाटतोय, मलाही कानाला छान वाटतो. पण शिवार कुणाचं? माझ्या आईने चाळीस वर्षं शिवारात काम केलं आणि एकाही सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. 'शिवार पक्ष' असा बोर्ड बघून ती म्हणेल, हा रानवाल्यांचा पक्ष दिसतोय. आत येणार नाही. रागाने नाही, सवयीने.

कुणीतरी चावडी सुचवेल म्हणून तेही आधीच सांगते. आमच्या आजोबांना चावडीची पायरी चढता येत नव्हती. शब्द जुना आणि मराठी असला की तो सगळ्यांचा असतोच असं नाही.

पायवाटदादा, तुमच्या १३४ मध्ये जमीन नसलेले किती?

पायवाट

ताई, ४७. मोजूनच सांगतोय, तुमचं वाचल्यावर यादी काढून बसलो.

ते रात्रीच्या पहाऱ्याला येतात. पाणी त्यांच्या शेतात जाणार नसतं, तरी येतात. आणि शिवार हे नाव मी धरून बसलो होतो.

तिसऱ्या बाकावरची

कोयता, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी फक्त जोडाक्षरं मोजत होते.

यावर बाबासाहेबांचं उदाहरण लक्षात येतं. १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. नावात जात नाही, मजूर आहे. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे नावात थेट समाज. आणि शेवटी ज्याची कल्पना मांडून ते गेले तो रिपब्लिकन पक्ष, जो १९५७ मध्ये त्यांच्यामागे स्थापन झाला. त्या नावात प्रजासत्ताक, म्हणजे सगळेच. एकाच माणसाने वीस वर्षांत 'आपण कोण' याची तीन उत्तरं दिली, आणि दरवेळी नाव बदललं कारण दारात कुणाला बोलवायचंय ते बदललं होतं.

कोयता

खरंय. आणि त्या सगळ्यांना सामावणाऱ्या नावापुढे पुढे कंस आले. आठवले, गवई, कवाडे, खोब्रागडे. माझे वडील मतदानाला निघताना विचारायचे, 'कंसात कोण आहे यंदा?' मला ते ऐकून रडू यायचं.

कागदपत्र

कंसांबद्दल नियमाच्या बाजूने सांगतो. पक्ष फुटला की नाव आणि चिन्ह कुणाचं हे आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाच्या परिच्छेद १५ खाली ठरवतो. मान्यताप्राप्त पक्षांसाठी आहे ते, पण त्यातून शिकण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण दोन्ही गोठवले. प्रबोधनकारांनी सुचवलेलं, १९६६ पासूनचं नाव. अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीसाठी दोन्ही गटांना तीन तीन नावं द्यायला सांगितली. एकाला 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' मिळालं, दुसऱ्याला 'बाळासाहेबांची शिवसेना'. फेब्रुवारी २०२३ मध्ये मूळ नाव शिंदे गटाला गेलं. वर्षभराने राष्ट्रवादीतही तेच, आणि 'शरदचंद्र पवार' हे पक्षाच्या नावाचा भाग झालं.

तेव्हा घटनेत आत्ताच लिहून ठेवा की कुणा व्यक्तीचं नाव पक्षाच्या नावात येणार नाही, आणि नाव बदलायचं तर किती सभासदांची संमती लागेल. बदललं तर आयोगाला विनाविलंब कळवावं लागतं, तेही कलम २९अ मध्येच आहे.

निळी शाई

एक मुद्दा राहून गेलाय. मतदान यंत्रावर पक्षाचं नाव छापलेलं नसतंच. उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह, एवढंच. मतदार बटणासमोर उभा राहतो तेव्हा तुमचं नाव त्याच्या डोळ्यांसमोर नसतं, त्याने ते डोक्यात घेऊन आत जायचं असतं. आणि नव्या पक्षाला ठरलेलं चिन्हही नसतं, मुक्त चिन्हांच्या यादीतून मागावं लागतं.

कागदपत्र

बरोबर. विधानसभेच्या किमान ५ टक्के जागा लढवणार असाल तर सगळ्या उमेदवारांसाठी एकच चिन्ह मागता येतं. नाहीतर इथे शिट्टी, तिथे बादली असं होऊ शकतं.

निळी शाई

म्हणजे चिन्ह बदलत राहील आणि तुमचं म्हणून कायम राहील ते नावच. ते नाव ऐकून दुसऱ्याच कुणाचं चिन्ह आठवता कामा नये. २०२४ च्या लोकसभेत साताऱ्यात काय झालं ते आठवा. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस एका बाजूला आणि अपक्षाला मिळालेली पिपाणी दुसऱ्या बाजूला, तिचंही यादीतलं मराठी नाव 'तुतारी'. पिपाणीला ३७ हजारांवर मतं पडली आणि पवारांचे शशिकांत शिंदे ३२ हजारांवर मतांनी हरले. दिंडोरीत त्याच पक्षाचे भास्कर भगरे सर निवडून आले खरे, पण भगरे याच आडनावाच्या पिपाणीवाल्या अपक्षाला लाखावर मतं गेली.

पायवाट

आमच्यातल्या एका ताईंनी काल 'हातभार' सुचवलं होतं. सगळ्यांना एकदम आवडलं. जमीन असो नसो, हातभार कुणीही लावतो. आता हे वाचून कळतंय की ते चालणार नाही. हातभारचा उमेदवार म्हटलं की लोक यंत्रावर हात शोधतील, आणि हात काँग्रेसचा आहे.

तिसऱ्या बाकावरची

फार चांगला शब्द होता, हळहळ वाटली. कोयता, तुम्ही काय म्हणाल? कष्टकरी?

कोयता

कष्टकरी माझ्याही मनात आलं. पण डहाणू-जव्हारकडे कष्टकरी संघटना आदिवासींमध्ये १९७८ पासून काम करतेय. त्यांनी एवढी वर्षं वापरलेला शब्द आपण उचलून निवडणुकीला न्यायचा हे मला बरं वाटत नाही, नियमात बसलं तरी.

मला एक शब्द सुचतोय. सावड.

लहानपणी सुट्टीत आजोळी असायचे. पेरणीला सगळी एकमेकांच्या रानात जायची, आज यांचं, उद्या त्यांचं, मजुरी नाही. आजीला रान नव्हतं. पण तीही सावडीत होती. ती सगळ्यांच्या पेरणीला जायची आणि पावसाळ्याआधी तिचं छप्पर शाकारायला सगळी यायची. तिचा वाटा तसा फेडला जायचा. सावडीला सातबारा लागत नाही.

जुना ब्रश

सावड! किती वर्षांनी हा शब्द ऐकला. तीन अक्षरं, सगळी सुटी. भिंतीवर कशी दिसतील ते मला आत्ताच दिसतंय.

निळी शाई

शहरातल्या वाचकांना शब्द माहीत नसेल, पण ते मला अडचणीचं वाटत नाही. तृणमूल म्हणजे गवताची मुळं हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? नाव अडलं नाही. माझी शंका दुसरी आहे आणि ती बोलायलाच हवी. आमच्याकडे 'सावडायला जायचं' म्हणजे अंत्यविधीच्या तिसऱ्या दिवशी राख सावडायला जायचं. विरोधकाने भर सभेत ते एकदा म्हटलं की झालं.

तिसऱ्या बाकावरची

निळी शाई म्हणतात ते खरं आहे, क्रियापद तेच. पण विभक्तीचं सांगते. 'सावडचा उमेदवार' म्हणा नाहीतर जुन्या वळणाने 'सावडीचा उमेदवार' म्हणा, अर्थ दोन्हीकडे तोच राहतो. वंचितच्या बाबतीत जी फट पडली ती इथे पडत नाही. पक्षाचा माणूस आणि सावडीतला माणूस एकच. असा शब्द मला इतक्या दिवसांत दुसरा सापडला नाही.

पण राखेचं उत्तर माझ्याकडे नाही. ते गावातच विचारा.

पायवाट

चार दिवस उशिरा लिहितोय. विचारायला गेलो होतो.

कांद्याच्या खुरपणीला चौदा जणींची टोळी होती. दुपारी भाकरीला बांधावर बसल्या तेव्हा मी पक्षाचं काही न सांगता आधी तिन्ही नावं म्हणायला लावली. 'जनस्वाभिमान विकास आघाडी' कुणालाच दुसऱ्यांदा पूर्ण सांगता आलं नाही. एक म्हणाली 'जनविकास', दुसरी 'स्वाभिमानी'. शिवार सगळ्यांना जमलं, पण 'ते जलयुक्तवालं का?' हा प्रश्न दोघींनी लगेच विचारला. मग सावड म्हटलं. तरण्या पोरींनी म्हाताऱ्यांकडे बघितलं आणि म्हाताऱ्यांनी त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. कोण कुणाच्या सावडीत होतं, कोणाची सावड कशी मोडली, कुणी एक दिवस बुडवला आणि तो अजून फिटायचाय. अर्धा तास त्याच बोलत होत्या. मी मध्ये एक शब्द बोललो नाही.

शेवटी राखेचं विचारलं. भीतभीतच विचारलं, कारण त्यांतल्या एका आजींचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेलाय. त्याच बोलल्या. म्हणाल्या, 'तेबी सावडणंच हाय की. एकट्या माणसाला जमतं व्हय ते? गाव येतं तवाच व्हतं.'

संध्याकाळी बैठक झाली. हात वर करून मतं घेतली. पहिलं नाव सावड पक्ष, हरकत आली तर दुसरं शिवार पक्ष. तिसरं रिकामं ठेवलंय, ते पाणीवाल्या काकांनी सुचवायचं असं ठरलं. घटनेत व्यक्तीच्या नावाबद्दलचं कलम घातलं. नाव बदलायला तीन चतुर्थांश सभासद लागतील.

कागदपत्र, मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय. एकदा नजर टाकाल का?

कागदपत्र

वाचला. कलम ४ मध्ये 'पक्षांतर्गत निवडणुका वेळोवेळी होतील' असं आहे, तिथे 'दर पाच वर्षांच्या आत' असं स्पष्ट लिहा, नाहीतर परत येईल. बाकी ठीक. आयोगाच्या नोंदणीकृत पक्षांच्या यादीत 'सावड' आणि त्याच्या जवळपासचे उच्चार शोधून बघा, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या-स्पेलिंगांत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ पक्ष यादीतून काढले, सहा वर्षं एकही निवडणूक लढवली नव्हती म्हणून. तीही यादी बघा, जुन्या नावाशी साम्य तिथेही नको.

कोयता

पायवाटदादा, त्या आजींना माझा नमस्कार सांगा.

माझं नाव मतदार यादीत आईच्या गावी आहे, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात. प्रतिज्ञापत्राचा नमुना मलाही पाठवा.

जुना ब्रश

मंजुरी आली की पहिली भिंत माझ्याकडे. रंगाचे पैसे द्या, मजुरी सावडीत धरा.